‘ऑइंक’ला टाळी एकच

फोंड्यात पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘प्राण्यांच्या आवाजाचे इंग्रजी शब्द सोपे. स्पेलिंगमध्ये जितके स्वर, तितके सिलॅबल. मराठीत लिहून घ्या, उच्चार आपोआप बरोबर येतो. आणि शेवटी ती नक्कलच, तिला नियम कसला?’ मी प्राथमिकच्या मुलांना इंग्रजी शिकवते. यातलं काहीच खरं नाही, आणि त्याचा त्रास मुलांना होतो, म्हणून लिहिते.

सिलॅबल म्हणजे शब्दाचा एका झटक्यात उच्चारला जाणारा तुकडा; वर्गात आम्ही अशा प्रत्येक तुकड्याला एक टाळी वाजवतो. स्वर मोजून सिलॅबल कळत नाहीत. गायीच्या ‘मू’च्या स्पेलिंगात दोन स्वर, मेंढीच्या ‘बा’तही दोन, सिलॅबल मात्र एकेकच. ‘कॉक-अ-डूडल-डू’त स्वर सात, सिलॅबल पाच. ‘डूडल’च्या शेवटचा ‘ई’ मुका असतो आणि ‘ल’ एकटाच सिलॅबल पेलतो.

मराठीत लिहून घेण्याचा सल्ला जास्त फसवा. परवा दुसरीतल्या एका मुलीने वहीत डुकराचा आवाज ‘ऑ-इं-क’ असा लिहिला आणि तीन टाळ्या वाजवल्या. मी तिला आधी ‘आई’ म्हणायला लावलं, मग ‘गाय’. ‘आई’ला दोन टाळ्या पडल्या, ‘गाय’ला एक. ‘ऑइंक’मधला ‘इ’ ‘गाय’मधल्या ‘य’सारखाच आधीच्या स्वराला चिकटलेला असतो, एवढं सांगितल्यावर तिची टाळी एकच पडली. मांजराचं आणखी मजेदार आहे. आपलं ‘म्याऊ’ तुटतं म्या-ऊ असं, इंग्रजीतलं मि-आउ असं, आणि जोर दुसऱ्या तुकड्यावर. सिलॅबल दोन्हीकडे दोनच, तुटण्याची जागा वेगळी. ‘म्याऊ’ लिहून वाचलं की उच्चार मराठीच राहणार. कुत्र्याचं भुंकणंही ‘बाउ-वाउ’ आहे, ‘बो-वो’ नव्हे. त्याच स्पेलिंगची रिबिनीची गाठ मात्र ‘बो’.

आणि नक्कल झाली तरी ती प्रत्येक भाषा आपल्याच ध्वनींतून करते, शिवाय आपल्या कानावर पडणाऱ्या प्राण्याची करते. ‘रिबिट’ हा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका लहानशा बेडकाचा आवाज. हॉलिवूडच्या चित्रपटांमुळे तो जगभर पोचला. आपल्या शेतात पहिल्या पावसाला ‘डरांव डरांव’ करतो तो मोठा बेडूक. मुलांना ‘रिबिट’ जरूर शिकवा: दोन सिलॅबल, जोर पहिल्यावर. आपला बेडूक तसं का ओरडत नाही, असं कुणी विचारलंच, तर तो बेडूकच वेगळा आहे हे सांगा.