वचन निवडू नये, अध्याय वाचावा

दररोज पहाटे मी तोंड धुऊन येईपर्यंत मंडळीच्या म्हणजे चर्चच्या आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटांवर ‘आजचे वचन’ येऊन पडलेले असते. मागे सूर्योदय किंवा कबुतर, वर सोनेरी अक्षरांत बायबलातली एक ओळ आणि खाली ‘आमेन लिहा’ अशी सूचना. पाठवणाऱ्यांच्या हेतूविषयी मला मुळीच शंका नाही. त्यांतल्या काहींनी माझ्या अडचणीच्या काळात माझ्यासाठी खरोखर गुडघे टेकले आहेत. परंतु बायबल रोज वाचणे म्हणजे काय, याविषयीची आपली समजूत या चित्रांनी हळूहळू बदलून टाकली आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. पवित्र शास्त्र क्रमाने, अध्यायामागून अध्याय, काहीही न गाळता वाचावे, एवढेच मला म्हणायचे आहे; कारण जो भाग आपण स्वतःहून कधीच उघडला नसता, तोच पुष्कळदा आपल्याला गाठतो.

वर्षअखेरच्या रात्रीच्या उपासनेनंतर तबकातून वचनाचे कार्ड उचलण्याची प्रथा आपल्यापैकी अनेकांच्या परिचयाची असेल. ‘तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत’ असे देव सांगतो ते यिर्मया २९:११ ज्याच्या हाती येते, त्याचे वर्ष उत्तम जाणार, असे हसत-हसत म्हटले जाते. ते वचन ज्या पत्रात आहे, ते पत्र बाबेलात पकडून नेलेल्या लोकांना लिहिलेले आहे, आणि त्याच्या आदल्याच ओळीत परत येण्याची मुदत सत्तर वर्षे सांगितली आहे. म्हणजे पत्र ऐकणाऱ्या बहुतेक प्रौढ माणसांना यरुशलेम पुन्हा दिसणार नव्हते. तोवर त्यांनी काय करायचे, तर घरे बांधायची, बागा लावायच्या आणि ज्या परक्या नगरात नेले आहे, त्याच नगराच्या हितासाठी प्रार्थना करायची. कार्डावर ती सत्तर वर्षे छापलेली नसतात.

या तोडून घेण्याला छपाईनेही हातभार लावला आहे. आज आपण वापरतो ती अध्यायांची विभागणी तेराव्या शतकातली आहे, आणि नव्या कराराला वचनांचे आजचे क्रमांक दिले ते रोबेर एस्तिएन या मुद्रकाने १५५१ साली. त्यापूर्वीच्या माणसाला ‘योहान ३:१६’ असे म्हणताच आले नसते. त्याला निकदेम नावाचा परूशी रात्री येशूकडे आला तेथून गोष्ट सांगावी लागली असती. पौलाने तर आपली पत्रे सर्व बंधूंना वाचून दाखवावीत आणि एका मंडळीचे पत्र दुसऱ्या मंडळीतही वाचले जावे, असे बजावून लिहिले आहे. पत्र आले की लोक ते अथपासून इतिपर्यंत ऐकत, त्यात त्यांची कानउघाडणी असली तरीही.

आमच्या शेजारच्या काकू दरवर्षी गुरुचरित्राचा सप्ताह करतात. त्या सात दिवसांत त्यांच्या घरी कोणी ‘आवडता अध्याय तेवढा वाचा’ म्हणत नाही. ज्या दिवशी जेवढे वाचायचे नेमून दिले आहे, तेवढे त्या वाचतात, मग तो भाग गोड असो वा अवघड. पारायणाची ही शिस्त मराठी घराला नवी नाही. आपण ख्रिस्ती झालो म्हणून ती सोडून द्यावी, असे शास्त्रात कोठेही सांगितलेले नाही.

बायबलात १,१८९ अध्याय आहेत (प्रोटेस्टंट बायबलातील ६६ पुस्तकांचे, कॅथलिक बायबलात ७३ पुस्तके असल्याने अध्याय अधिक भरतात). दिवसाला तीन आणि रविवारी पाच वाचले, तर वर्षात सारे वाचून होते, आणि जानेवारीत अनेकजण तशी सुरुवातही करतात. उत्पत्ती झपाट्याने संपते, निर्गमातील समुद्र दुभंगेपर्यंत उत्साह टिकतो, मग निवासमंडपाचे, म्हणजे उपासनेच्या तंबूचे, पडदे आणि कड्या सुरू होतात, आणि लेवीय उघडले की बहुतेकांची गाडी तेथेच रुतते. मला घाई मानवत नाही. दिवसाला एक अध्याय या वेगाने सव्वातीन वर्षांत एक फेरी होते, आणि कामाला निघण्यापूर्वी शांतपणे तेवढेच वाचून होते.

मी द्राक्षाच्या एका पॅकहाऊसमध्ये, म्हणजे द्राक्षे साफ करून खोक्यांत भरतात तेथे, हिशेब पाहतो. ज्या लेवीय पुस्तकाला लोक कंटाळतात, त्याचा १९ वा अध्याय नाशिकच्या माणसाने वाचला, तर त्याला तो आपल्याच तालुक्याविषयी लिहिला आहे की काय, असे वाटेल. द्राक्षमळा झाडून सारा तोडू नका, खाली पडलेली फळे गोळा करू नका, ती गरिबांसाठी आणि उपऱ्यांसाठी राहू द्या, असे त्यात सांगितले आहे. मजुराची मजुरी रात्रभर, सकाळपर्यंत, आपल्यापाशी ठेवू नका, असे आहे. तराजू खरा असावा, वजने खरी असावीत, असे आहे. आणि वजनातल्या ‘कटी’वरून, म्हणजे कपातीवरून, बाजार समितीत होणारी भांडणे ज्याने एकदा तरी ऐकली आहेत, त्याला हे वचन कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. आमच्याकडे गळालेला आणि कात्रीने काढलेला प्रत्येक मणी क्रेटमध्ये जातो, कारण सुट्या मण्यांनाही भाव आहे. सरवा म्हणून मागे काही उरत नाही.

हंगामात सुरगाणा, पेठ या भागांतून मजुरांच्या टोळ्या येतात. मजुरीचा हिशेब मुकादमाच्या वहीवरून आठवड्याला होतो. मार्च महिन्यातल्या एका संध्याकाळी, कंटेनर भरून निघून गेल्यावर, एक मावशी माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. मणी काढण्याची लहान कात्री अजून बोटांत अडकलेली होती आणि रसाने बोटे चिकट झाली होती, म्हणून त्या टेबलाला हात न लावता थोड्या मागेच थांबल्या. “भाऊ, उद्या बाजार हाये. आज काही होईन का?” असे त्यांनी विचारले. हिशेब शनिवारी होतो, हे आमचे ठरलेले उत्तर. ते खोटेही नव्हते, कारण व्यापाऱ्याचे पैसे आलेले नव्हते, व्यापारी निर्यातदाराकडे बोट दाखवत होता आणि निर्यातदार पलीकडच्या देशातल्या खरेदीदाराकडे. द्राक्षाच्या धंद्यात उधारीची ही माळ सर्वांना पाठ आहे, आणि व्यापारी पैसे बुडवून पळाला की बागायतदाराचे काय होते, हेही मी पाहिलेले आहे. पण लेवीय १९:१३ मध्ये या माळेचा विचार केलेला नाही. तेथे एक मजूर आहे, एक रात्र आहे आणि एक सकाळ आहे.

हाच विषय पुढे बायबलातील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या २४ व्या अध्यायात पुन्हा येतो. सूर्य मावळण्यापूर्वी मजुरी द्या, कारण तो गरीब आहे आणि त्याचा सारा जीव त्या मजुरीत गुंतलेला असतो, असे कारणासह तेथे सांगितले आहे. मग नव्या करारात याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडू लागते आणि कापणी करणाऱ्यांची आरोळी परमेश्वराच्या कानी जाते. क्रमाने वाचणाऱ्यापुढे हा प्रश्न असा पुन्हा पुन्हा येऊन उभा राहतो, आणि प्रत्येक वेळी आवाज चढलेला असतो.

मत्तयाच्या २० व्या अध्यायातला द्राक्षमळ्याचा दाखला आपण रविवारच्या शाळेपासून ऐकत आलो. शेवटच्या तासाला आलेल्यालाही पूर्ण मजुरी मिळाली, ही देवाची कृपा, असे त्याचे तात्पर्य आपल्याला शिकवले गेले, आणि ते योग्यच आहे. मात्र लेवीय आणि अनुवाद वाचून मग त्या दाखल्याकडे आल्यावर एक बारीकशी गोष्ट डोळ्यांत भरते. संध्याकाळ झाल्यावर मळ्याचा धनी आपल्या कारभाऱ्याला सांगतो की मजुरांना बोलाव आणि त्यांची मजुरी दे. त्याच संध्याकाळी. येशू ज्या धन्याचे चित्र रेखाटतो, तो उदार तर आहेच, पण त्याआधी तो नियमशास्त्र पाळणारा मनुष्य आहे. या दाखल्यात माझी जागा कोणती, हे मला पूर्वी कळत नसे. मी कधी पहाटे आलेल्यांत स्वतःला पाहत असे, कधी उशिरा आलेल्यांत. हिशेबाचे काम करणाऱ्याची जागा उघड आहे: तो कारभारी. पुढे मालकांशी बोलून बाजाराच्या आदल्या संध्याकाळी टोळीला उचल देण्याची सोय करता आली. आठवड्याचा हिशेब तसाच चालू आहे, त्यामुळे मी याला फार मोठे काही मानत नाही.

जुन्या कराराचे नियम आता आपल्याला लागू नाहीत, आपण कृपेखाली आहोत, असे यावर मला एका अभ्यासू स्नेह्याने ऐकवले. यज्ञांच्या आणि खाण्यापिण्याच्या नियमांविषयी मला त्यांचे म्हणणे मान्य आहे. पण ‘आपल्या शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर’ ही जी दुसरी मोठी आज्ञा प्रभूने सांगितली, ती त्याने याच १९ व्या अध्यायातून घेतली आहे. मजुरीच्या वचनानंतर अवघ्या पाच वचनांनी ती येते. तिच्या आजूबाजूचा मळा, मजूर आणि तराजू काढून टाकले, तर मागे चित्रावर छापायला सोयीचे असे एक गोड वाक्य उरते.

नारायण वामन टिळकांना रेल्वेच्या प्रवासात एका अनोळखी युरोपीय गृहस्थाने नवा करार दिला, ही हकिकत आपल्या मंडळ्यांत नेहमी सांगितली जाते. टिळक वाचत गेले, आणि मत्तयाच्या पाचव्या ते सातव्या अध्यायांतील डोंगरावरील प्रवचनाने त्यांना धरून ठेवले. १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्यासारख्या पंडिताला एका सुट्या वचनाने जिंकले असते, असे मला वाटत नाही. आपल्या नाशिकच्या शरणपूरचीही अशीच एक आठवण आहे. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना चर्च मिशनरी सोसायटीने येथे शिकवले, आणि त्यांतलाच एक, जेकब वेनराइट, आफ्रिकेत फिरलेला मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टन याच्या अखेरच्या प्रवासात त्याच्याबरोबर होता. १८७३ साली लिव्हिंगस्टन वारला, तेव्हा आफ्रिकेच्या अंतर्भागात अंत्यविधीचा पाठ वाचला तो नाशिकला शिकलेल्या या तरुणाने. स्वतः लिव्हिंगस्टनने मान्येमाच्या प्रदेशात अडकून पडलेला असताना संपूर्ण बायबल चार वेळा वाचल्याची नोंद आपल्या रोजनिशीत केली आहे. शरणपूर रोडवरच्या सिग्नलला थांबलो की हे मला हटकून आठवते. विषयाला थोडे सोडून झाले, पण लिहिल्यावाचून राहवले नाही.

आता दुसरी बाजू. दुःखात असलेल्या माणसाला क्रम सांगू नये, हे मला मान्य आहे. रुग्णालयात खाटेशी बसल्यावर मी स्तोत्र २३ च वाचतो. तेथे कोणी निवासमंडपाची मापे काढून बसत नाही. परंतु सांत्वनाच्या बाबतीतही निवडक वचने आपल्याला तोकडी पडतात, असा माझा अनुभव आहे. स्तोत्र ८८ कोणत्याही कार्डावर मी पाहिलेले नाही. बहुतेक विलापाची स्तोत्रे शेवटी कोठेतरी आशेकडे वळतात, हे मात्र वळत नाही. ते अंधारातच थांबते. तरीही ते देवाला उद्देशून केलेली प्रार्थना म्हणून शास्त्रात आहे. घरातले माणूस गेल्यावर ज्याला ‘प्रभूची इच्छा’ हे शब्द ऐकवत नाहीत, त्याला अशीही प्रार्थना देवापुढे चालते, हे कोणीतरी दाखवायला हवे.

‘यहोशवा’ या पुस्तकातील नगरांचा संहार वाचताना मात्र माझ्यापाशी उत्तर नसते. पाळकांनी दिलेली स्पष्टीकरणे मी ऐकली आहेत, त्यांतली काही मन लावून वाचलीही आहेत, पण समाधान झालेले नाही. स्तोत्र १३७ ची शेवटची, शत्रूची बाळे खडकावर आपटण्याची ओळ मोठ्याने वाचताना घरातली मुले समोर असतील, तर मी अडखळतो. ते अध्याय गाळून श्रद्धा सांभाळणे सोपे आहे. मला ते प्रामाणिक वाटत नाही, म्हणून ते वाचतो आणि प्रश्न तसाच घेऊन प्रार्थनेला बसतो.

सध्या आमच्या घरच्या संध्याकाळच्या प्रार्थनेत ‘गणना’ हे पुस्तक चालू आहे. २६ व्या अध्यायातल्या शिरगणतीत वंशांमागून वंश मोजले जातात, बेरीज ६,०१,७३० पुरुषांची होते, आणि ऐकणारे जांभया देऊ लागतात. त्या पुरुषांच्या यादीत मध्येच सलाफहादाच्या पाच मुलींची नावे येतात: महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा. पुढच्याच अध्यायात त्या मोशेसमोर उभ्या राहून म्हणतात की आमच्या बापाला मुलगा नाही, म्हणून त्याचे नाव का नाहीसे व्हावे, आम्हांला वतन द्या. आणि परमेश्वर मोशेला सांगतो की त्या बोलतात ते ठीक आहे. (३६ व्या अध्यायात त्यांच्या लग्नावर आपल्याच वंशाची अट घातली जाते, हेही सांगायला हवे.) भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ प्रमाणे ख्रिस्ती बापाच्या मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच वाटा आहे, तरी आपल्यातही सातबाऱ्यावर नावे चढवायची वेळ आली की बहिणींपुढे हक्कसोडपत्र ठेवले जाते, आणि त्यानंतर भाऊबीजेसारखे सारे गोड बोलून मिटवले जाते.

आत्या त्या दिवशी आमच्याकडे मुक्कामाला होती. तिने पूर्वी अशी सही केलेली आहे. अध्याय संपल्यावर तिने ती पाच नावे मला पुन्हा वाचायला लावली आणि विचारले, “मग त्यांना जमीन मिळाली का रे शेवटी?” मी सांगितले की यहोशवाच्या १७ व्या अध्यायात ते येते, आपल्या वेगाने तेथे पोहोचायला दोन महिने लागतील, तोवर क्रम मोडायला नको. आत्याने माझ्या हातातले बायबल घेतले, चष्मा लावला आणि यहोशवा काढून मिळाल्याची नोंद स्वतः वाचून मगच जेवायला उठली.