४१६ म्हणजे कोल्हापूर ना, सर?

दुकानात मांडलेला लॅपटॉप घ्यायला नुसते पैसे पुरतात. कस्टम, म्हणजे आपल्या मागणीप्रमाणे बनवून घेतलेल्या लॅपटॉपला पैसे लागतात, अक्कल लागते आणि दिल्लीवाल्याशी बोलण्यापुरती हिंदी लागते. पहिल्या गोष्टीची मी सोय केली होती. बाकीच्या दोन घरातल्या घरात भागतील असं वाटलं होतं.

मला हवा होता गेमिंगचा लॅपटॉप, मधल्या आकाराचा, म्हणजे साडेपंधरा इंचाच्या आसपास पडदा असलेला. चौदा इंचीत ताकदीचं ग्राफिक्स कार्ड बसवलं की ते चहा उकळायला घेतल्यासारखं तापतं, आणि सतरा इंची घेऊन कोकणकन्येच्या वरच्या बर्थवर चढलो तर दोघांपैकी एकाला खाली यावं लागेल. त्यामुळे आकाराबद्दल घरात अजिबात मतभेद झाले नाहीत. घरात कुणाला विचारलंच नव्हतं.

आता गेमिंगचाच कशाला? तर देवगड-कुणकेश्वर पट्ट्यात जो तो होमस्टे बांधतोय, आणि होमस्टे बांधण्याआधी तो कसा दिसेल याचं रंगीत थ्रीडी चित्र मी करून देतो. त्या चित्राच्या रेंडरिंगला, म्हणजे ते कॉम्प्युटरकडून रंगवून घ्यायला, तगडं ग्राफिक्स कार्ड लागतं, ते गेमिंग लॅपटॉपमध्ये मिळतं. हे सगळं मी बायकोला अत्यंत गंभीर चेहऱ्याने समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग रात्री बारा वाजता तू रेंडरिंग करतोस तेव्हा बंदुकीचे आवाज कसले येतात?"

पुढचा अभ्यास मी पडवीत बसून केला.

त्या अभ्यासात पहिली गोष्ट कळली ती अशी, की कस्टम लॅपटॉप विकणारा लॅपटॉप बनवत नाही. तैवानमध्ये १९८३ साली सुरू झालेली क्लेव्हो नावाची कंपनी आहे. ती रिकामा सांगाडा बनवते: बॉडी, मदरबोर्ड, पडदा, पंखे. स्वतः पडद्याआड राहते. तो सांगाडा जर्मनीत एक्सएमजी घेते, इंग्लंडमध्ये पीसी स्पेशालिस्ट घेते, अमेरिकेत सेगर घेते. मग प्रत्येक जण त्यात रॅम (मेमरी), एसएसडी (साठवणीची डिस्क) भरतो, झाकणावर आपलं नाव लावतो आणि आपापल्या भाषेत "आमची निर्मिती" म्हणतो.

हे वाचून जर्मन तंत्रज्ञानावरची माझी श्रद्धा जराशी हलली. शेजारी सुपारी कातरत बसलेले बाबा मात्र एकदम सावरून बसले.

"म्हणजे आंबो एक आणि पेटी येगळी."

बाबांचं सगळं आयुष्य हापूसच्या कलमांत गेलं. बाहेरचा आंबा देवगडच्या नावाच्या पेटीत, देवगडच्याच जुन्या पेपरात गुंडाळून विकलेला त्यांनी वाशीच्या मार्केटात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलाय. २०१८ साली हापूसला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांपुरतं, तेव्हा त्यांनी बातमी कापून ठेवली आणि म्हणाले, "आता ह्यांचे पण डुप्लिकेट स्टिकर येतले." तेव्हा स्टिकर हा त्यांचा विषय. माझ्या लॅपटॉपची सूत्रं त्या दुपारी माझ्या हातून गेली.

पहिला पर्याय सुचवला जर्मनीतल्या मावसभावाने. तो म्हणाला, "इथून घे. मी गणपतीला येताना घेऊन येतो. अठरा वर्षांवरच्या प्रवाशाला सामानात एक लॅपटॉप ड्युटीशिवाय आणता येतो." योजना छानच होती. फक्त तो स्वतःचा लॅपटॉप घेतल्याशिवाय देवदर्शनालाही जात नाही, म्हणजे माझा दुसरा झाला. शिवाय तिकडच्या कीबोर्डवर वाय आणि झेडच्या जागा उलट्या. मी 'येस' लिहिलं की 'झेस' उमटणार. शिवाय होळी नुकतीच झाली होती, चतुर्थी पार पावसाच्या टोकाला. शिवाय बिघडला तर दुरुस्तीला जाणार जर्मनीला, तोही पुढल्या चतुर्थीला भाऊ येऊन परत जाईल तेव्हा. बाबा म्हणाले, "गणपतीबरोबर विसर्जन करून टाक." कुरियरने एक नग ड्युटी भरून मागवता येतो हेही मला माहीत होतं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये सरकारने लॅपटॉपच्या आयातीवर निर्बंध जाहीर केले, तेव्हाही स्वतःपुरत्या एका नगाला सूट ठेवली होती. पण ड्युटीचा आकडा घरात मोठ्याने उच्चारायची माझी तयारी नव्हती.

मग राहिले देशातले रिसेलर, म्हणजे सांगाडा मागवून त्यात माल भरून विकणारे. मुंबईत लॅमिंग्टन रोड, दिल्लीत नेहरू प्लेस. दोन्हीकडचे बरेच नंबर जमवले.

मुंबईतल्या एकाशी बोलताना मी अभ्यास दाखवायला गेलो. त्याने सांगितलं, "आरटीएक्स ४०६० देतो." मी म्हटलं, "टीजीपी किती?" टीजीपी म्हणजे ग्राफिक्स कार्डाला किती वीज मिळते तो आकडा, आणि हीच खरी मेख आहे. लॅपटॉपमधल्या आरटीएक्स ४०६० ला ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीही वीज पाजता येते. कार्डाचं नाव तेच, डब्यावरचं चित्र तेच, पण ३५ वालं कार्ड ११५ वाल्याच्या मागे धापा टाकत येतं. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "सर, फुल टीजीपी." मी म्हटलं, "फुल म्हणजे किती?" तो म्हणाला, "फुल म्हणजे फुल, सर." बाबांनी मान डोलावली. 'एक नंबर माल' असं तोंडभरून सांगणाऱ्या दलालाला दुसरा नंबर कसा दिसतो हे विचारायचं नसतं, असा त्यांचा अनुभव.

दिल्लीवाला मात्र गोड होता. मी विचारायच्या आतच 'हो जाएगा सरजी' म्हणायचा. बत्तीस जीबी रॅम? हो जाएगा. दोन एसएसडी? हो जाएगा. पडदा १६५ हर्ट्झचा, मॅट? हो जाएगा. विंडोज नको? वो भी हो जाएगा. मी इतका खूश झालो की ॲडव्हान्स पाठवायला फोन उघडला, तेवढ्यात बाबांनी तो काढून घेतला, त्याला परत फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"हॅलो. अंदर से खराब निकला तो क्या करेगा तुम?"

"सर, एक साल की वॉरंटी है."

"वो मालूम है. बाहर से एकदम रंग आया है, वास भी आया है. काटने के बाद अंदर साका."

पलीकडे थोडी शांतता. मग अत्यंत आदराने प्रश्न आला, "सर, ये साका कौन सा मॉडल है?"

साका म्हणजे हापूसच्या पोटातला रोग. वरून आंबा देखणा, आत गर पांढरट, रबरासारखा. कापल्याशिवाय कळत नाही आणि कापला की परत कोण घेणार? बाबांनी दिल्लीच्या माणसाला हे सगळं हिंदीत समजावून सांगितलं. त्यानेही चिकाटीने ऐकलं. शेवटी म्हणाला, "समझ गया सर, डेड पिक्सेल." आणि मग त्याच्या नियमातलं खरं कलम बाहेर आलं: पडद्यावरचे एकदोन पिक्सेल, म्हणजे ठिपके, मेलेले असले तर तो बिघाड धरत नाहीत. मला हे आठवडाभर गोड बोलण्यात कळलं नव्हतं, बाबांना एका आंब्यात कळलं.

"आणि बिगडल्यावर माणूस घरी येता काय?" हे बाबांनी मला विचारलं, मी त्याला.

"ऑनसाईट है सर, बिलकुल है. पिनकोड बताइए."

४१६ ने सुरू होणारा आमचा पिनकोड सांगितला.

"४१६ मतलब कोल्हापूर ना, सर? कोल्हापूर में इंजिनियर आ जाएगा."

यात त्याचा दोष नाही. पिनकोड आला १९७२ साली, सिंधुदुर्ग जिल्हा झाला १९८१ साली. पहिल्या तीन आकड्यांत आमची मोट कोल्हापूरबरोबर बांधलेली राहिली ती कायमची. मध्ये सह्याद्री आहे ही गोष्ट पिनकोडात दिसत नाही. पुढे मुंबईच्या दोघांनी, पुण्याच्या एकाने आणि चेन्नईच्या एका भल्या बाईंनीही मला हेच विचारलं. इंजिनियर कोल्हापूरपर्यंत येईल, त्यापुढे "कस्टमरने को-ऑपरेट करायचं". म्हणजे फोंडा घाट चढून वर जायचं.

मग बायकोने, जिला या खरेदीत काडीचाही रस नव्हता, भाकरी थापता थापता सुचवलं, "सगळे तुला कोल्हापूरचाच समजतायत, तर कोल्हापूरलाच का नाही घेत?"

कोल्हापूरच्या रिसेलरचं दुकान एका जिन्याखाली होतं असं त्याने स्वतःच सांगितलं. सांगाडा मुंबईहून मागवतो, आतला माल समोर बसवून देतो, म्हणाला. मी टीजीपी विचारला तर आकडा सांगितला, सरळ, वॅटमध्ये. मला भरून आलं. मी म्हटलं, प्रोसेसरवर उष्णता काढून घेणाऱ्या पेस्टऐवजी लिक्विड मेटल, म्हणजे पातळ धातू, लावाल का? जास्त थंड राहतो असं वाचलंय. तो म्हणाला, "भावा, सांडलं तर बोर्ड जाईल. तू घाटातनं एसटीनं आणणार. साधी पेस्ट लावतो, काय विषय नाही."

इतक्या रिसेलरांत मला नाही म्हणणारा हा पहिलाच. आणि त्याच्याआधी ज्याची अपेक्षाच सोडली होती ती गोष्टही घडली: त्याने मला प्रश्न विचारला.

"समुद्र घरापासनं किती लांब?"

"चालत पाच मिनिटं."

पलीकडून सुस्कारा ऐकू आला. मग म्हणाला, "मग पावसाच्या आधी एकदा आणा, पाऊस सरल्यावर एकदा आणा. पंखे उघडून साफ करायला लागणार. मालवणच्या एका गिऱ्हाइकाचे गंजलेले स्क्रू मी ड्रिल मारून काढल्यात." लाईट जाते का, किती जाते, इन्व्हर्टर आहे का, हेही विचारलं. हे विचारणं बरोबरच होतं, कारण गेमिंग लॅपटॉप बॅटरीवर आला की ग्राफिक्स कार्ड अंग चोरतं, आणि त्याचा अडॅप्टर २३० वॅटचा, आमच्या इन्व्हर्टरवर आधीच दोन पंखे, देवघरातला दिवा आणि आईच्या मालिका.

मी बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "माणूस बरो वाटता. पण फोन माझ्याकडे दी."

घासाघीस अर्धा तास चालली. मध्येच बाबांनी "जीएसटी अठरा टक्के? आणि बिल पक्कं?" असं विचारलं. त्याने दोन्हीला होकार दिला. निम्मे पैसे आगाऊ, निम्मे माल डोळ्यांदेखत चालू करून बघितल्यावर. पंधरा दिवसांत पडद्यात एक जरी पिक्सेल मेलेला दिसला तरी पडदा बदलून देणार, हे बाबांनी व्हॉट्सॲपवर लिहून घेतलं. वॉरंटी दोन वर्षांची, मात्र घरी कुणी येणार नाही. त्याला त्यांच्यात 'रिटर्न टू बेस' म्हणतात, म्हणजे बिघडलं की गिऱ्हाइकाने स्वतः घेऊन दुकानात यायचं. बाबांनी ते दोनदा वदवून घेतलं.

पैसे गेल्याचा मेसेज वाजला. कोल्हापूरवाला मोकळा झाला.

"काका, देवगडचं हाय म्हणताय तर आंबा मिळंल काय एक पेटी? पण ओरिजनल पायजे. हिकडं सगळे स्टिकर लावून गंडवत्यात."

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"मिळेल की. पाच डझनाची पेटी. निम्मे पैसे आगाऊ."

"अन् आतनं खराब निघाला तर?"

"बदलून देऊ. वॉरंटी आहे. पण ऑनसाईट नाही हां आमच्याकडे. रिटर्न टू बेस. आंबा घेऊन घाट उतरून यायचं."