झांजांची पावलं

आमच्या सोसायटीच्या वॉकिंग चॅलेंजमध्ये माझा नंबर शेवटून पहिला आला. आणि पहिले कोण, तर नाना, ज्यांना गुडघ्यापायी जिना उतरायलाही कुणीतरी सोबत लागतं. ग्रुपवर पुष्पगुच्छांचा पाऊस पडला, एक मीही टाकला, दातओठ खात.

संध्याकाळी गाठलंच त्यांना बाकावर. मनगटावर जावयाने दिलेलं स्मार्टवॉच.

"नाना, रोज चौदा हजार पावलं? चालता कधी?"

"चालतोय कुठला! हरिपाठाला बसतो."

"मग?"

"मग झांजा कोण वाजवतं?" असं म्हणून त्यांनी बसल्या बसल्या हवेतच झांजा वाजवल्या आणि घड्याळ माझ्या नाकासमोर धरलं. आकडा चढलेला. "हे बघ, आत्ता गेटपर्यंत जाऊन आलो."

"नाना, ही चीटिंग आहे."

"मोजलं घड्याळाने, चीटिंग माझी? एकादशीला तर डबल होतात. तूही आरतीला टाळ्या वाजवत जा की, नुसता प्रसादाला उगवतोस."

आता यावर काय बोलणार! घड्याळाला बिचाऱ्याला पाय दिसतच नाहीत, आतला अ‍ॅक्सेलरोमीटर मनगटाच्या हेलकाव्यावरून पावलं ताडतो. मी रोज पोरीला बाबागाडीत घालून टेकडीचा चढ चढतो, दोन्ही हात दांड्यावर गच्च, हात हलत नाही म्हणजे माणूस घरी लोळतोय असा त्याचा समज, आणि वर चढावरच, मी धापा टाकत असताना, मनगटाला गुदगुल्या करून सांगतं, 'उठा, जरा हालचाल करा.' अरे मेल्या!

बरं, हे रोज दहा हजार पावलांचं खूळ तरी कुठल्या डॉक्टरांनी काढलंय? १९६५ साली जपानमध्ये यामासा नावाच्या कंपनीने कमरेला लावायचं पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं, त्याच्या नावातच दहा हजार घातले, झालं. निदान कमरेला होतं हो ते, झांजा वाजवून तरी फसलं नसतं.

पायांच्या बाबतीत आंधळं असलेलं हे घड्याळ नाडी मात्र चोख मोजतं. खालचा हिरवा दिवा कातडीवर पडतो, रक्त तो प्रकाश शोषतं, त्यावरून ठोके. नानांनी वाकून माझा आकडा वाचला.

"एकशे अठरा? नुसतं बसून? दाखवून घे रे कुणाला तरी."

रविवारी बक्षीस समारंभ. पाच लिटरचा कुकर, मेंटेनन्सच्या पैशातून, म्हणजे त्यात माझेही पैसे आलेच. सेक्रेटरींकडे तक्रार केली तर म्हणाले, नियमात झांजांबद्दल काही नाही. आणि नानांनी आत्ताच सांगून ठेवलंय, "कुकर वर तूच आणून दे हं, माझा गुडघा तुला माहितीये."

दोन्ही हातांत कुकर, म्हणजे तीही पावलं गेली.