टॅब वाटून झाले, पुढे?

दादरच्या आमच्या फॅमिली ग्रुपवर स्वीडनची बातमी फिरली की रोख स्वीडनमध्ये राहणाऱ्या माझ्याकडे वळतो: 'तुमच्याकडे कॉम्प्युटर काढून पुस्तकं परत आणली, आणि आम्ही अजून टॅबच्याच नादात!' बातमी अर्धी खरी आहे. २०२३ मध्ये इथल्या सरकारने छापील पुस्तकांसाठी शाळांना जादा पैसे दिले, लहानग्यांचा स्क्रीन कमी करायचं ठरवलं. पण माझ्या मुलीच्या सातवीच्या वर्गात लॅपटॉप आहेतच.

त्यावर होतं काय, ते सांगतो. विद्युतप्रवाहाच्या धड्याला बाईंनी आधी वहीत उत्तर लिहायला लावलं: बल्बच्या अलीकडे प्रवाह जास्त की पलीकडे? बऱ्याच जणांनी लिहिलं, पलीकडे कमी, कारण बल्बने वीज 'खाल्ली'. मग 'फेट'च्या सिम्युलेशनमध्ये, म्हणजे स्क्रीनवरच्या आभासी प्रयोगात, सर्किट जोडलं, दोन्हीकडे प्रवाह मोजणारे अ‍ॅमीटर लावले. आकडा तोच! मुलं भांडायलाच उठली. त्यानंतर टेबलावर खऱ्या वायरी आणि बॅटरी आल्या. हे 'फेट' कोलोरॅडो विद्यापीठाचं, नोबेलविजेते कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेलं. तिथल्याच २००५ च्या एका अभ्यासात सिम्युलेशनवर शिकलेले विद्यार्थी नंतर खरं सर्किट जोडण्यातही खऱ्या साहित्यावर शिकलेल्यांपेक्षा सरस ठरले.

मुंबई महापालिकेने २०१५ मध्ये आठवीच्या मुलांना टॅब दिले, त्यात अभ्यासक्रम भरून. म्हणजे पाठ्यपुस्तकच, फक्त काचेमागे. तेव्हापासून आपण वाद घालतो तो किमतीचा, दुरुस्तीचा, चार्जरचा. मुलाला त्यात काही बदलून बघता येतं का, हे कुणी विचारत नाही. आणि विचारायला लांब कशाला जायचं? होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र मानखुर्दलाच आहे. 'फेट' फुकट आहे, त्यातली बरीच सिम्युलेशन्स मराठीतही आहेत.

भाऊ म्हणतो, 'तुझ्या लेकीच्या वर्गात पंचवीस पोरं, इथे साठ.' खरं आहे, इथे बसून सल्ले देणं सोपं. पण साठांना साठ टॅब कशाला हवेत? एक लॅपटॉप, एक प्रोजेक्टर, आणि बटण दाबण्याआधी हात वर करून अंदाज. अडचण वेगळीच आहे: असा तास घेतला तर पोर्शन मागे पडतो, आणि परीक्षेला मार्क मिळतात ते जर्नलला. माझ्या भाच्याने ते जर्नल प्रयोग न करताच मित्राच्या वहीवरून उतरवलं. पुढच्या टेंडरमधला थोडा पैसा शिक्षकांच्या प्रशिक्षणाकडे वळवा आणि प्रात्यक्षिकाचे दोन मार्क चुकलेल्या अंदाजाच्या कारणमीमांसेला ठेवा. टॅब मग चार कमी घेतले तरी चालतील.