कोडॅक, बजाज आणि ‘काळाप्रमाणे न बदलल्याचा’ आरोप

दर दोन-तीन महिन्यांनी बडोद्यातल्या आमच्या दांडिया बाजारातल्या जुन्या मंडळींच्या ग्रुपवर तो मेसेज फिरून येतो. तुम्हालाही आला असेलच. ‘आठवतंय का? १९९८ मध्ये कोडॅकमध्ये १ लाख ७० हजार माणसं कामाला होती…’ मग यादी: एचएमटीचं घड्याळ, बजाजची स्कूटर, राजदूत, नोकिया, अ‍ॅम्बेसिडर. ‘यांच्या क्वालिटीत काही खोट नव्हती, तरी बाजारातून उठले. कारण? काळाप्रमाणे बदलले नाहीत!’ पुढे उबरचं कौतुक, आणि शेवटी आपल्याला दम: बदला, नाहीतर संपाल. परवा कापडदुकानवाल्या काकांनी तो पुन्हा टाकला आणि खाली लगेच बारा अंगठे उठले.

आमचा रावपुऱ्यात फोटो स्टुडिओ. आधी बाबांचा, १९९६ पासून माझा. त्यामुळे फोटोचे रोल बनवणाऱ्या कोडॅकच्या नावानं प्रवचन सुरू झालं की मला गप्प बसवत नाही.

आधी आकडा. कोडॅकमध्ये सगळ्यात जास्त माणसं होती ती १९८८ साली, सुमारे १ लाख ४५ हजार. १ लाख ७० हजार कधीच नव्हती, आणि १९९८ पर्यंत तर कपात होऊन संख्या बरीच खाली आली होती. पण आकडा सोडा. ‘बदलले नाहीत’ हे त्याहून मोठं चुकीचं आहे. पहिला डिजिटल कॅमेरा बनवला तोच मुळी कोडॅकच्या इंजिनिअरनं, स्टीव्हन सॅसननं, १९७५ मध्ये. पुढे कंपनीनं डिजिटल कॅमेरे विकलेही, आणि २००५ साली अमेरिकेत सर्वांत जास्त खपले ते कोडॅकचेच. तरी २०१२ च्या जानेवारीत दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला.

का, ते माझ्या काउंटरवरून बघा. ३६ फोटोंचा एक रोल म्हणजे तीन कमाया. रोल विकला त्याचे पैसे, धुतला त्याचे, आणि प्रिंट काढल्या त्यांचे. प्रिंट सगळ्याच काढायच्या: डोळे मिटलेल्या मावशी, अर्धं डोकं कापलेले काका, कॅमेऱ्यासमोर आलेलं स्वतःचं बोट, सगळं छापून पाकिटात. डिजिटल कॅमेरा आला आणि गिऱ्हाईक स्क्रीनवर बोट ठेवून सांगायला लागलं, ‘हे चार द्या.’ रोल गेला, धुलाई गेली, ३६ चे ४ झाले. मला हे दिसत नव्हतं का? रोज दिसत होतं. तरी २००३ मध्ये मी कर्ज काढून मिनीलॅब, म्हणजे रोल धुऊन प्रिंट काढणारं मशीन घेतलं, कारण त्या वर्षीच्या लग्नसराईत घरात पैसा येत होता तो रोलमधूनच. हप्ते २००८ पर्यंत चालले. मशीन शेवटी भंगारात किलोवर गेलं. बायको अजून सांगते, ‘मी तेव्हाच म्हटलं होतं.’ म्हटलं होतं, खरं आहे.

काळ ओळखण्यात मी कमी पडलो नाही. ज्या गल्ल्यातून घर चालतं तोच गल्ला आपल्या हातानं कधी बंद करायचा, आणि मधल्या दोन वर्षांचा खर्च कोण देणार, तिथे अडलो. कोडॅकचीही गत मोठ्या प्रमाणावर तीच, असं माझं मत. कोडॅकची जपानी प्रतिस्पर्धी फुजीफिल्म, तिनं काय केलं बघा. फिल्मच्या धंद्यात हजारो लोकांची कपात केली, पण फिल्म बनवताना कमावलेली रसायनांची विद्या सोडली नाही. एलसीडी स्क्रीनला लागणारी फिल्म केली, आणि फोटोच्या फिल्ममध्ये कोलॅजन असतंच म्हणून २००७ मध्ये चेहऱ्याची क्रीमसुद्धा आणली. हे ‘बदला’ एवढ्या एका शब्दात बसत नाही.

आता बजाज. आकुर्डीची ही कंपनी बाजारातून उठली हे वाचून मला प्रत्येक वेळी हसू येतं. बाहेर रस्त्यावर दोन मिनिटं उभे राहा आणि पल्सर मोजा. पल्सर आली २००१ मध्ये. लोक मोटरसायकलकडे वळताहेत हे ओळखून बजाजनं स्कूटर मुद्दाम सोडली, म्हणजे मेसेजमध्ये सांगितलंय अगदी तेच केलं. गंमत अशी की त्याच सुमाराला होंडाची अ‍ॅक्टिव्हा आली आणि बिनगिअरच्या स्कूटरनं अर्धा बाजार खाल्ला. बजाजला स्कूटरकडे परतायला २०१९-२० उजाडलं, तेही विजेवरची चेतक घेऊन. काळाप्रमाणे बदलल्यानं एक हात कमावला आणि एक गमावला. हे कुठल्या खान्यात टाकणार?

राजदूतवाली एस्कॉर्ट्स मोटरसायकलमधून बाहेर पडून ट्रॅक्टरवर जगली. नोकिया १८६५ साली कागदाच्या लगद्यापासून सुरू झालेली. हँडसेटचा धंदा मायक्रोसॉफ्टला विकून आज मोबाइल नेटवर्कची यंत्रणा विकते. एचएमटीनं क्वार्ट्झ घड्याळंही केली होती, पण कंपनी सरकारी, तिचे मोठे निर्णय दिल्लीत होणारे. घड्याळाच्या कंपनीला टाळं लावायचं हेही २०१६ मध्ये मंत्रिमंडळानंच ठरवलं. यादीतली अ‍ॅम्बेसिडर तेवढी मेसेजमध्ये शोभते. ती खरंच बदलली नाही.

राहिलं उबर. कंपनी २००९ ची, आणि पूर्ण वर्षाचा कामकाजी नफा शेअर बाजारात आल्यानंतर पहिल्यांदा दिसला तो २०२३ मध्ये. एवढी वर्षं दुसऱ्यांच्या पैशावर तग धरली. आमच्या काकांना एक दिवाळी तोट्यात गेली तर झोप लागत नाही; त्यांनी उबरकडून नेमकं काय शिकावं?

बडोद्यातच राहतो तर इथलंच उदाहरण बघावं. सक्तीचं शिक्षण हवं असं त्या काळी बोलणारे बरेच होते. बडोद्याचे महाराज सयाजीरावांनी १८९३ मध्ये ते आपल्या संस्थानातल्या फक्त अमरेली तालुक्यात करून पाहिलं. शाळा किती लागतात, मास्तर कुठून आणायचे, आईबाप मूल पाठवत नसतील तर काय, हे सगळं तिथे कळलं. साऱ्या संस्थानात लागू झालं १९०६ मध्ये. तेरा वर्षं! म्हणून मी काकांना विचारलं की दुकान बदलायचं म्हणता, तर यंदा कुठलं एक कपाट रिकामं करणार? हात जोडल्याची खूण आली.

गेल्या महिन्यात फाइन आर्ट्स कॉलेजचा एक मुलगा दुकानात आला. हातात कोडॅकचा नवाकोरा रोल. हल्ली पोरांत पुन्हा फिल्मची हौस आहे, त्यांच्या वर्गातच सातआठ जण काढतात म्हणाला. ‘काका, तुम्ही धुऊन द्याल?’ बाबांचा एन्लार्जर (निगेटिव्हवरून मोठी प्रिंट काढायचं यंत्र) आणि ट्रे अजून माळ्यावर आहेत. मी विचारलं, सगळ्यांचे मिळून महिन्याला किती रोल होतील? पाच-सहा, म्हणाला. डेव्हलपर, म्हणजे रोल धुवायचं रसायन, एकदा कालवला की फार दिवस टिकत नाही, पाच रोलांत त्याचाही खर्च निघत नाही. मी नाही म्हटलं.