पाच बाटल्या एरंडेल

परवा संध्याकाळी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये, भर गर्दीत, मी पाच बाटल्या एरंडेल मागितलं. तेवढाच काय तो माझा गुन्हा.

त्याचं असं झालं, की माळ्यावर आजोबांचं पायताण सापडलं. आजोबा कागलचे. सेनापती कापशी त्याच तालुक्यात, त्यामुळे आयुष्यभर पायात तिथली कापशी कोल्हापुरी चप्पलच. आता कान पापडासारखे कडक, वेणी उसवलेली, पट्टा जरा वाकवला की कटकट आवाज. अंगठ्याखाली मात्र अजून खळगा होता, गुळगुळीत आणि काळाभोर. माझा अंगठा त्यात बुडतो.

कोल्हापुरातल्या एका कारागिराला फोन केला. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं कातडं, त्यातलं तेल आटलं की वाकायचं विसरतं, मग मोडतं. ते म्हणाले, "एरंडेल लावा. पातळ हात द्या, रात्रभर ठेवा, परत द्या. खोबरेल नगं, थंडीत थिजतंय. आन् भेगा काय बुजायच्या न्हाईत, नुसतं मऊ पडंल." पातळ हात म्हणजे एक बाटलीही खूप झाली, हे मला आज कळतंय. परवा उत्साह होता.

तर माझ्या मागे एक काका उभे. पांढरे कॅनव्हासचे बूट, हातात रिपोर्टांची फुगलेली पिशवी. त्यांनी काउंटरवरच्या बाटल्या मोजल्या. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून, कानात बोलल्याच्या थाटात पण रस्त्यापलीकडच्या रिक्षास्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "किती दिवस झाले?"

मला वाटलं, हा जाणकार माणूस. म्हटलं, "पंधरा वर्षं झाली असतील."

दुकान गप्प झालं.

"पंधरा वर्षं?"

"आजोबा गेले, तेव्हापासून."

"धक्क्याने होतं असं," काका रांगेकडे वळून म्हणाले. रांगेने माना हलवल्या. "पार कोरडं पडलंय का?"

"अगदी. वाकवायची भीती वाटते."

"वाकायचंच नाही मग! आणि पाच बाटल्या? अहो, एका बाटलीत धडधाकट माणूस आडवा होतो."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "काका, चपलेला लावायचंय हो!"

काकांनी माझ्याकडे अपार करुणेने पाहिलं. "लाजायचं काय त्यात? चपलेवर कशाला ढकलता?"

दुकानदाराने चेहऱ्यावरची रेष न हलवता पाचही बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या, काळ्या पिशवीत घातल्या आणि विचारलं, "ओआरएस देऊ सोबत?" एरंडेल प्यायल्यासारखं तोंड कसं होतं, ते मी थेंबही न पिता दाखवून दिलं. दोन पाकिटं घेतली. न घेऊन सांगतो कुणाला?

राग त्या काकांचाच आला असं नाही. 2025 च्या जूनमध्ये मिलानच्या रॅम्पवर इटलीच्या एका बड्या कंपनीने हुबेहूब आपलं पायताण चालवलं, तेही कोल्हापूरचं नाव न घेता, तेव्हा आपण सगळेच केवढे खवळलो होतो. 2019 साली महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालाय, वगैरे मीही तावातावाने लिहिलं होतं. पायात तेव्हा रबरी स्लिपर होती, आणि आजोबांचं पायताण डोक्यावर सात फुटांवर तडकत होतं. आज भर पुण्यात चपलेला तेल लावतात हे सांगितलं, तर रांगेतल्या एकाचाही विश्वास बसत नाही. बद्धकोष्ठावर मात्र चटकन बसतो.

असो. जुन्या बनियनच्या बोळ्याने तीन हात दिले. पट्ट्याने तेल सावकाश प्यायलं, कानांनी नखरे केले. अंगठ्याच्या खळग्याने मात्र थेंबही घेतला नाही. तिथे आजोबांनी आधीच पुरेसं मुरवून ठेवलंय. फरशीवर डाग पडले, त्याबद्दल घरात वेगळं ऐकलं.

आज सकाळी पायताण घालून, करकर वाजवत, दूध आणायला उतरलो. गेटवर काका.

"काय, फरक?"

मी पायाकडे पाहत होतो. डावा कान पहिल्यांदाच सरळ वाकला होता.

"थोडं मऊ पडलंय," मी म्हणालो.

काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि वॉचमनला हाक मारून सांगितलंसुद्धा.