सरवा

सलाम मंडळी. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

गेल्या रविवारी आमच्या चर्चमध्ये हार्वेस्ट झाला. बाहेरच्या मित्रांसाठी सांगतो. खरिपाचा माल घरात आला की मंडळीतली माणसं शेतातलं, परसातलं जे असेल ते आणून वेदीपुढे ठेवतात. बाजरीची कणसं, दुधी, अंडी, एखादा कोंबडासुद्धा. उपासना झाली की त्याचा लिलाव. यंदा एका लाल भोपळ्यावर दोन साडू इरेला पेटले आणि तो भोपळा ९०० रुपयांना गेला. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

वाचन होतं बायबलमधल्या रूथ पुस्तकाचा दुसरा अध्याय. सासू नामीला घेऊन मवाबातून बेथलेहेमात आलेली विधवा सून, सातूच्या कापणीत मजुरांच्या मागून सरवा, म्हणजे शेतात पडून राहिलेलं पीक, वेचत जाते आणि नेमकी बवाजाच्या शेतात पोचते. पाळकसाहेबांचा उपदेश बवाजाच्या मोठ्या मनावर झाला. चांगला झाला, मी नावं ठेवत नाही. पण ऐकताना मला माझी आजी आठवायला लागली, आणि उपदेशातलं लक्ष उडालं.

आजी भुईमुगाचा सरवा वेचायची. शेंगा काढून झाल्या की बायका-पोरं खुरपी घेऊन रानात उतरायची. मातीत राहिलेल्या शेंगा उकरून ओटीत भरायच्या. दिवसाला पायलीभर निघाल्या तर नशीब. मालक चांगला असला तर काही बोलायचा नाही, नसला तर ओटी झाडून घ्यायचा. आजी म्हणायची, "शेंग त्याची, पण वाकलेली कंबर माझी ना?" नगर जिल्ह्यातल्या आम्हा ख्रिस्ती लोकांपैकी बहुतेकांच्या घरात दोन-तीन पिढ्या मागे गेलं की अशी एखादी वाकलेली कंबर सापडतेच. जमीन आमची नव्हती. आम्ही रूथच्या बाजूचे लोक. लिलावात बोली लावायला लागल्यापासून स्वतःला बवाज समजायला लागलो, एवढंच.

आता मुद्दा. बवाज मोठ्या मनाचा होता हे खरं. मजुरांना त्याने सांगितलं की पेंढ्यांतून मुद्दाम काही कणसं गाळत जा. पण रूथ त्याच्या शेतात शिरली ती त्याच्या मोठ्या मनावर विसंबून नाही. नियमच तसा होता. मोशेच्या नियमशास्त्रात, लेवीय या पुस्तकाच्या १९व्या अध्यायात स्पष्ट आहे: शेताचे कोपरे कापू नका, खाली पडलेलं वेचू नका, द्राक्षमळ्यात गळालेले मणी उचलू नका, ते गरिबाचं आणि परक्याचं. त्यातल्याच 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात आणखी एक भर आहे, शेतात विसरलेली पेंढी आणायला परत जाऊ नको. म्हणजे मालकाच्या विसरण्यावरसुद्धा गरिबाचा हक्क! यहुदी धर्मशास्त्र्यांनी पुढे मिश्ना या आपल्या नियमसंग्रहात यावर 'पेआ' नावाचं अख्खं प्रकरण लिहिलं. पेआ म्हणजे कोपरा. किमान साठावा हिस्सा सोडावा असं त्यात आहे. आणि मला सर्वांत आवडलेली गोष्ट अशी की एका गरिबाला वेचू दिलं आणि दुसऱ्याला अडवलं, तर त्या मालकाने गरिबांना लुटलं असं समजावं. म्हणजे कुणाला द्यायचं हे ठरवण्याची मजासुद्धा मालकाला नाही. फोटो काढायला कुणाला उभं करायचं हे ठरवणं दूरच.

संडे स्कूलमध्ये आम्हाला सुवर्णवचनं पाठ करायला लावायचे. "शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर" हे तर झोपेतही म्हणता येतं. पण ते याच १९व्या अध्यायातलं १८वं वचन आहे, आणि शेताचा कोपरा ९व्या वचनात आहे, हे कुणी सांगितलं नाही. मधे १३वं आहे: मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नको. पुढे ३४वं, परक्याला आपल्यातल्यासारखं वागव. मग ३५-३६, वजनमाप खरं ठेव. आमच्या ऊसपट्ट्यात "काटामारी", म्हणजे उसाचं वजन मारणं, हा शब्द शेंबड्या पोरालाही माहीत आहे, तरी या वचनावर मी आजवर एकही उपदेश ऐकलेला नाही.

आणि हे सगळं नेमक्या कोणत्या दिवसांत वाचतोय आपण? चर्चपासून हाकेच्या अंतरावर ऊसतोडीच्या टोळ्या उतरल्या आहेत. बहुतेक बीडकडच्या. पाचट-प्लास्टिकच्या कोप्या, पहाटे तीनला चूल, अंधारातच फड. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि हिशेबही कोयत्याचाच, बाईचं नाव त्यात कुठे नाही. मुकादमाकडून हंगामाआधी घेतलेली उचल फिटेपर्यंत पाय बांधलेले. एक दिवस आजारी पडलं तर खाडा, त्याचे पैसे उलट कापले जातात. २०१९ साली राज्य सरकारच्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी केली तेव्हा १३ हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. खाडा परवडत नाही हे त्यामागचं एक कारण. रूथच्या गोष्टीत बवाज सगळ्यात आधी गड्यांना ताकीद देतो की तिला हात लावू नका, आणि तहान लागली तर पाणी कुठून प्यायचं हे तिला सांगतो. सुरक्षितता आणि पिण्याचं पाणी. तीन हजार वर्षं झाली, फडातली बाई अजून या दोन गोष्टींपाशीच आहे.

सरवासुद्धा आहे बरं का त्यांचा. वाढे. तोडलेल्या उसाचे हिरवे शेंडे टोळीचे, त्यांची बैलं खातात, उरलेले पेंढीच्या हिशेबाने गावात विकून चार पैसे मिळतात, हा जुना रिवाज. आणि त्यावरूनच बांधावर भांडणं. "ऊस माझा, मग वाढे तुझे कसे?" गेल्या वर्षी हे वाक्य मी आमच्याच मंडळीतल्या एका शेतकऱ्याच्या तोंडून ऐकलं. त्याची बाजूही सांगतो, नाहीतर अन्याय होईल. तोडणीसाठी त्याला दोन महिने कारखान्याच्या चिटबॉयच्या मागे फिरावं लागलं, वर टोळीने खुशालीचे पैसे मागितले, पहिला हप्ता अजून आलेला नाही. तोही पिळलेलाच. पण पिळलेला माणूस पुढे कुणाला पिळतो, याच्याकडे मोशेच्या नियमशास्त्राचं फार बारीक लक्ष आहे. "तुम्हीही मिसर देशात दास होता हे आठवा" असं सरव्याच्याच नियमाला जोडून लिहिलं आहे. आजीची ओटी आठवा, असंच ते मला ऐकू येतं.

दुसऱ्यांवर बोट ठेवलं, आता स्वतःचं. मी चर्चच्या कमिटीवर आहे. आमच्याकडे झाडलोट करणाऱ्या मावशींना ऑगस्टचा पगार ऑक्टोबरात मिळाला. चेकवर सही माझी लागते. आधी मी गावाला, मग खजिनदार आजारी, मग राहूनच गेलं. मावशी एकदाही बोलल्या नाहीत. हार्वेस्टला त्यांनी मेथीची जुडी आणून ठेवली होती.

कुणी म्हणेल, दर नाताळला आपण कोप्यांवर जाऊन ब्लँकेट वाटतो की. वाटतो. थंडी खरी आहे, ब्लँकेटही लागतं. पण १८९६-९७च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतातून शेकडो मुली पुणे जिल्ह्यातल्या केडगावला घेऊन आल्या, तेव्हा त्यांना नुसतं खाऊ घालून थांबल्या नाहीत. विणकाम, शेती, पुढे छापखाना. रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर तिथल्या बायकांनीच छापलं. आपण मात्र ब्लँकेट देताना बॅनर धरतो आणि मावशींचा चेक दोन महिने खिशात ठेवतो.

शनिवारी कमिटीची मीटिंग आहे. मी दोन विषय लेखी दिलेत. एक, पगार महिन्याच्या एक तारखेला, सही कुणाचीही चालेल असा ठराव. दोन, चर्चचा हॉल आठवड्यातले सहा दिवस कुलपात असतो, तो मार्चपर्यंत सकाळी टोळीच्या पोरांसाठी उघडायचा. आईबाप फडात गेले की ती तान्ही भावंडं सांभाळत उसाच्या बांधावर बसतात. संडे स्कूलच्या दोन शिक्षिका तयार आहेत. प्रार्थना शिकवायची नाही, नुसतं सावली, अक्षरं आणि नळाचं पाणी. ही अट मीच घातली, कारण कोपरा सोडताना वेचणाऱ्याचा धर्म विचारायचा असं लेवीयात कुठे दिसलं नाही.

व्हॉट्सॲप ग्रुपवर लगेच पहिला प्रश्न आला, हॉलचं लाईट बिल कोण भरणार?

मी लिहिलं, भोपळ्याचे ९०० आहेत ना. अजून कुणी उत्तर दिलेलं नाही. निळ्या टिका मात्र सगळ्यांच्या आल्यात.